पावसाळी हवा

वर्तमानपत्रात ‘पावसाळी हवा’ हे शब्द दिसले की लोकांना भजी आठवतात, आल्याचा चहा आठवतो, काहींना तर कविता होते. मला टायर आठवतो. आमच्या घरात पावसाळी हवा म्हणजे आभाळातली नव्हे, गाडीच्या चाकातली. हा शब्द माझ्या सासऱ्यांचा, अप्पांचा. शेतावरची लावणी उरकली, हातापायांचा चिखल धुतला, की त्यांचं पुढचं काम ठरलेलं. अंगणातल्या गाडीशी उकिडवे बसायचे, वॉल्व्हची टोपी काढायची, आगपेटीच्या काडीने आतली पिन दाबायची आणि कान लावून ऐकायचं. चारही चाकांतून थोडी थोडी हवा सोडून झाली की उठून टाचेने टायरला एक लाथ. “झाली पावसाळी हवा. आता चिकटून चालंल.” दसऱ्याला झेंडूची माळ घालायच्या आदल्या दिवशी हीच हवा पुन्हा भरून आणायची. पेणच्या आमच्या आळीत निम्म्या गाड्यांना ते हे करून द्यायचे, फुकटात, वर स्वतःच्या आगपेटीतल्या काड्या वापरून.

श्रावण लागलाय. मघाशी ऊन होतं, आता पाऊस आहे, पुन्हा ऊन पडेल. या महिन्याचं भारी कौतुक असतं सगळ्यांना. आमच्या स्टाफरूममधल्या एक बाई रोज खिडकीपाशी उभ्या राहून “काय ग बाई हिरवं हे!” म्हणतात. मी पेपर तपासत बसते. मी रोह्याला कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवते आणि रोज पेणहून गाडीने जाते. वडखळ, नागोठणं, मग भिसे खिंड आणि खाली रोहा. डोलवीच्या बाजूने येणारे लांबच लांब ट्रेलर शेजारून गेले की काचेवर पाण्याची भिंत येऊन आदळते, वायपर दोनदा फिरेपर्यंत काही दिसत नाही. तेवढा वेळ मी श्वास धरते. हिरवं बघायला सवड कुणाला आहे?

ओल्या रस्त्यावर गाडीचं काय होतं हे वर्गात सांगायचं असतं तेव्हा मी खापरीपासून सुरुवात करते. कौलाची चपटी खापरी खाडीवर आडवी भिरकावली तर पाण्यावर उड्या मारत जाते, नुसती सोडली तर बुडते. पोरांनी हे केलेलं असतं. पाणी तेच, खापरीही तीच, मग फरक कशाचा? “वेगाचा!” असं मागच्या बाकावरून येतं. बरोबर. ओल्या रस्त्यावर गाडीचं चाक पुढचं पाणी बाजूला ढकलत असतं. गाडी हळू असेल तर पाण्याला सरकायला सवड मिळते. वेग वाढला की ती सवड संपते. मग पाणी चाकापुढे तुंबतं, त्याची पाचर होते आणि ती चाकाखाली शिरते. या पाचरीचा दाब वाढत वाढत टायरमधल्या हवेच्या दाबाला भिडला की चाक रस्ता सोडतं. आतली हवा बाहेरच्या पाण्याशी झुंजत असते, एवढं लक्षात ठेवा, असं मी फळ्यावर रेघ मारून सांगते. हवा कमी तर पाणी कमी वेगालाच जिंकतं. वर्गमुळाचं सोपं गणित आहे, मुलं पटकन उतरवून घेतात.

याला आपल्याकडे धड शब्द नाही. इंग्रजी पुस्तकात हायड्रोप्लेनिंग म्हणतात. पोलिसांच्या कागदावर ‘गाडी घसरून’ असं होतं. ते वाचून माझं डोकं फिरलं होतं, लाल पेनने खोडावंसं वाटलं होतं. घसरताना चाक रस्त्याला निदान लागलेलं तरी असतं. तरंगणाऱ्या गाडीचा खालच्या रस्त्याशी काही संबंधच राहत नाही. ब्रेक दाबा, स्टीअरिंग गरागरा फिरवा, देवाचं नाव घ्या, गाडीला त्यातलं काही पोचत नाही. अशा वेळी फक्त पाय वर घ्यायचा, स्टीअरिंग सरळ धरायचं आणि चाक खाली टेकायची वाट बघायची. सांगायला काय जातंय!

महेश, माझा नवरा, अपघात झाला त्या श्रावणात नागोठण्याच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला जात होता. फिटर म्हणून लागलेला, सुपरवायझर झालेला. गाडी चालवण्याच्या बाबतीत तो महा कटकट्या माणूस. शेजारी बसून मी पेंगले तर मला उठवायचा. “तू झोपलीस की मला झोप येते. येत नाय, पण येईल असं वाटतं,” म्हणायचा. कधी डुलकी नाही, कधी घाई नाही. कंपनीतले लोक शिफ्ट संपल्यावर त्याच्याच गाडीत बसायला बघत, कारण त्यात निर्धास्त झोपता यायचं. त्या आठवड्यात अप्पांनी पावसाळी हवा केली होती. तीही नेहमीपेक्षा अंमळ जास्तच सोडली होती, कारण पाऊस जास्त होता. लेकाची काळजी.

अप्पांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. ते खुळे नव्हते. तरुणपणी पेणच्या पूर्वेकडच्या, डोंगराकडच्या गावांतून बाजाराला माणसं आणायला त्यांची जीप होती. तेव्हा तिकडे डांबर कुठलं? तांबडी माती आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. पावसाळ्यात सगळ्यांच्या गाड्या रुतायच्या, अप्पांची निघून जायची. हवा कमी केली की टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं, चिखलात चाक कमी बुडतं. हे शंभर टक्के खरं आहे, मी वर्गात सांगते. एकदा तर एका अडलेल्या बाईला त्यांनी भर पावसात पेणच्या दवाखान्यात पोचवलं, बाकी दोन गाड्या वाटेत रुतून बसल्या होत्या. त्या बाईचा मुलगा अजून दिवाळीला फराळ आणून देतो. मग माती जाऊन डांबर आलं, डांबर जाऊन सिमेंटचा चौपदरी रस्ता आला, पण हवा तांबड्या मातीचीच राहिली. कुणी त्यांना सांगायला हवं होतं म्हणावं, तर सांगणार कोण? आळीतले सगळेच त्यांच्याकडून हवा करून घेत होते, आणि फळ्यावरचं गणित आपल्याच अंगणात लावून बघायचं मलाही तोवर सुचलं नव्हतं.

काय झालं ते महेशने मला दवाखान्यात सांगितलं. पाठीचा मणका गेला होता. कमरेखाली त्याचं त्याला काही कळत नव्हतं. ते कायमचं आहे हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, त्याला सांगायचं बाकी होतं. “स्टीअरिंग एकदम हलकं झालं,” तो म्हणाला. “हातात काय नाय असं. आणि खालचा आवाज थांबला. चाकाखाली पाण्याचा तो चर्र आवाज असतो ना, तो. मला वाटलं पाऊस थांबला.” मग गाडी फिरली, दुभाजकाला लागली आणि उलटून शेतात गेली. मी त्याचं बोलणं ऐकत होते आणि डोक्यात नको असताना समीकरण मांडलं जात होतं. टायर नवे होते, वेग फार नव्हता. मी मान वर केली तर तो माझ्याकडेच बघत होता.

“मला म्हाईत आहे,” महेश म्हणाला. “अप्पांना सांगायचं नाय. कधीच नाय. शप्पथ आहे तुला माझी.”

घेतली शपथ. दुसरं काय करणार होते?

तुम्ही म्हणाल, एवढं ठामपणे कसं सांगता, हवेनेच झालं म्हणून? ठामपणे सांगत नाही. पाण्याची खोली किती होती, वेग नक्की किती होता, कोण मोजायला गेलं होतं? हवा पुरती असती तरी गाडी तरंगली असती, असंही असेल. प्रयोगशाळेत एक गोष्ट बदलून बाकीच्या तशाच ठेवता येतात आणि पुन्हा करून बघता येतं. इथे पुन्हा करायला तो रस्ता, ती सकाळ, तो महेश कुठून आणू? मला वाटतं, हवेनेच झालं. नुसतं वाटतं म्हणून सांगू नये, हे मला कळतं. आणि वाटायचं थांबत नाही, हेही खरं.

तेव्हापासून अप्पाच महेशला आंघोळ घालतात. सासूबाई आधीच गेलेल्या, मला सकाळी सातला निघावं लागतं. पाण्यात कडुनिंबाची पानं टाकून, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर करत, पाठ पुसत, पावडर लावत सगळं करतात. पाठीला जखम होऊ नये म्हणून दिवसातून कितीदा तरी कूस बदलावी लागते, ती ते घड्याळाशिवाय बदलतात. हे करताना त्यांचं तोंड चालू. भाताला कीड पडलीय, जिते गावात कुणाच्या लग्नात जेवण कमी पडलं, अमक्याच्या म्हशीने अंगणातलं अळू खाल्लं. महेशला हसवूनच ते खोलीबाहेर यायचे. आणि पाऊस सुरू झाला की त्यांचा प्रश्नही सुरू व्हायचा. घरी येईल त्याला विचारायचे. “हवा तं मी सोताच्या हातानं केलीवती. बराबर केलीवती. मंग गाडी गेली कशी?” टायरच्या कंपनीवर संशय झाला, गाडीच्या मुहूर्तावर झाला, नजर लागल्याचा झाला. शेवटी माझ्याकडे यायचे. “वंदना, तू शिकवतेस ना गो ह्ये? सांग की.”

“पाणी साचलं होतं, अप्पा.”

“पानी तं साचनारच. पावसाला हाय. पन हवा व्हती की.”

यावर मी चहा ठेवायला उठायचे.

माझ्या गाडीची गंमत वेगळीच. रविवारी अप्पा तिला पावसाळी हवा करायचे, सोमवारी मी वडखळच्या पंपावर ती पुन्हा भरून घ्यायचे. पुढच्या रविवारी अप्पा लाथ घालून बघायचे, “गरम झाल्यानं फुगतात,” असं स्वतःशीच म्हणायचे आणि पुन्हा काडी लावायचे. पंपावरचा माणूस एकदा कावला. “बाई, दर सोमवारी तुमची चारही चाकं बसतात कशी? चोर हाय काय कोण घरात?” मी हसले. तोही हसला. आळीतल्या बाकीच्या गाड्यांसाठी मी एकेकाला बाजूला घेऊन, अप्पांच्या नकळत, सांगत फिरले. काहींनी ऐकलं, काहींनी “अप्पांची हवा म्हंजे काय साधी हाय?” म्हणून मलाच गप्प केलं. असे पावसाळे गेले. ही व्यवस्था मरेपर्यंत चालेल असं मला वाटायचं. कुणाच्या मरेपर्यंत ते मी ठरवलं नव्हतं.

यंदा जुईने लायसन्स काढलं. जुई आमची मुलगी, पहिल्या वर्षाला आहे, आणि मी शिकवलेलं तिला माझ्यापेक्षा जास्त लक्षात राहतं. दोन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी ती मैत्रिणीकडे रोह्याला गाडी घेऊन जाणार होती. सकाळचं कोवळं ऊन, अंगणात सगळं पाणी चमकतंय आणि अप्पा काडी घेऊन पुढच्या चाकाशी बसलेले. मी स्वयंपाकघरात वाल निवडत होते. महेशचा पलंग अंगणाकडच्या खिडकीशी आहे, त्याला सगळं दिसत होतं.

“आजोबा, नका ना हवा काढू!” जुईचा आवाज आला. “पावसाळ्यात उलट जास्त लागते.”

“तुला काय ठावं हाय बाये? मऊ टायर धरून चालतो.”

“चिखलात धरतो. हायवेवर पाण्यावर चढतो. हवा कमी असली की गाडी लवकर तरंगते, हळू असली तरी. आईनेच शिकवलंय आम्हाला. आई, सांग ना ग आजोबांना!”

मी वालाची परात ओट्यावर ठेवून बाहेर आले. अप्पांनी काडी अजून पिनवर धरलेली, हवा जात होती आणि ते वर मान करून माझ्याकडे बघत होते. जुईला काहीच माहीत नव्हतं. अपघात झाला तेव्हा ती लहान होती, शपथ माझ्यापाशी होती. तिला फक्त आजोबांचं गणित चुकतंय एवढंच दिसत होतं, आणि ती हसत होती.

“खरं काय गो?” अप्पांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. आत खिडकीतून महेशचा आवाज आला, मोठा, त्याच्या त्या कंपनीतल्या सुपरवायझरच्या आवाजात.

“अप्पा, मला डुलकी लागली होती.”

जुई खिडकीकडे वळली.

“त्या दिवशी. डोळा लागला माझा. हवेचं काय नाय, पाण्याचं पण काय नाय. रात्रभर झोप नव्हती. लाज वाटली म्हणून सांगितलं नाय इतके दिवस.”

अप्पांनी काडी काढली, वॉल्व्हची टोपी लावली, ती घट्ट बसली का ते पुन्हा बघितलं. उठताना गाडीला धरून उठले. मग खिडकीशी गेले आणि महेशला जे बोलले ते मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. घरात बायको, बारकी पोर असताना झोपतोस? अक्कल गहाण टाकलीवती काय? सगळ्या जल्माचं वाटोलं केलंस! ओरडता ओरडता त्यांचा आवाज फाटला. महेश खाली मान घालून ऐकत राहिला. “चुकलं, अप्पा,” एवढंच म्हणाला. आयुष्यात ज्या एका गोष्टीचा त्याला गर्व होता ती त्याने खिडकीतून बाहेर टाकून दिली होती आणि त्याबद्दल शिव्या खात होता.

दोन दिवसांत आळीत झालं, महेश झोपला होता म्हणे. कोण सांगत फिरलं कोण जाणे. त्याच्या गाडीत निर्धास्त झोपणारा एक जुना सोबती भेटायला आला, खुर्चीच्या टोकावर बसला, “असो, होतं असं,” म्हणाला आणि चहा न घेता गेला. जुई बापाच्या खोलीत जाईना. मग एका संध्याकाळी तिने मला गाठलं. “आई, बाबा खरंच झोपला होता? म्हणजे हे सगळं नुसतं झोपेमुळे? माझी सगळी शाळा, तुझी ही धावपळ, सगळं?” मला तिला एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि पोटाशी धरावंसंही वाटलं. मी म्हटलं, बाबा म्हणतो तसंच. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. आता ती त्याला औषधं नेऊन देते, वेळेवर देते, आणि लगेच परत येते.

मला महेशचा राग आला. त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी रोह्याहून येताना, भिसे खिंडीत. बाजूला पाणी धो धो खाली येत होतं आणि मी एकटी गाडीत त्याला मोठ्याने शिव्या देत होते. मला न विचारता कसा सांगितलास? मुलीसमोर? आता ती जन्मभर तुझ्याकडे त्या नजरेने बघणार, आणि मी खरं सांगितलं तर आजोबांकडे बघणार. दोघांपैकी एकाला वाचवायचं तर दुसरा जातो. यावर काही उपाय असेल तर मला दिसत नाही. मी खूप शोधलाय. फिजिक्सच्या बाईला निदान एवढं कळतं की कुठल्या प्रश्नाला उत्तर नसतं.

अप्पा मात्र सुधारले असं वाटलं. त्यांनी काड्यांची पेटी देवघरात ठेवून दिली. आळीतला एक जण हवा करून घ्यायला आला त्याला “पंपावर जा” म्हणाले. मला म्हणाले, “तुला पायजे तेवढी भर गो.” प्रश्न विचारायचे थांबले. मला वाटलं, सुटले बिचारे, रागावून का होईना सुटले. फक्त सकाळच्या आंघोळीच्या वेळी खोलीतून आवाज येईनासा झाला. म्हणजे येतो, पण महेशचा. तोच भाताचं विचारतो, म्हशीचं विचारतो, काहीबाही बोलत राहतो. पाणी ओतल्याचा आवाज येतो. अप्पा बोलत नाहीत.

आज सुट्टी. दुपारी मागच्या पडवीत आम्ही दोघं बिरडं सोलत बसलो होतो, श्रावणी सोमवारचं. भिजवून मोड आलेले वाल, बोटांनी चिमटून साल काढायची, दाणा पातेल्यात. अप्पांचा हात या कामात माझ्याहून चलाख. पावसाची एक सर येऊन गेली.

“वंदना,” ते म्हणाले, वालावरची नजर न काढता. “बारीक व्हता तवापासनं जीपमदी माज्या मांडीवर बसून फिरलाय तो. पेणपासनं डोंगरापातूर. बाकीची पोरं झोपायची. ह्यो कंदी नाय झोपला. येक डाव नाय.”

पातेल्यात पडलेलं एक साल मी उचलून बाजूला टाकलं.

“कंदीच नाय झोपला गो.” त्यांच्या हातातला वाल चिमटीत दबून फुटला. तो त्यांनी बाजूला ठेवला, दुसरा घेतला. “तू मास्तरीण हायस. पोरांना खोटं शिकवत नायस. तू बोललीस की मला खरं वाटंल.”

“काय बोलू, अप्पा?”

“त्याला डुलकी लागलीवती, म्हन.”

पातेल्यात अर्धे वाल झाले होते. आत महेश रेडिओचा आवाज मोठा करत होता.

“त्याला डुलकी लागली होती, अप्पा.”

त्यांनी मान डोलवली. सोलायला घेतलेला वाल हातातच राहिला.

“परत म्हन,” ते म्हणाले.

मी परत म्हटलं.